लोणचं-सोलांचा घरगुती धंदा गोव्यात उभा करताना

घरगुती खाद्यपदार्थ विकायचे ठरवलं की गोव्यातल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी पर्यटक येतो. पण पर्यटकांचा भर ऑक्टोबर ते मार्च. जूनमध्ये पाऊस लागला की किनाऱ्यालगतची अर्धी दुकानं ताडपत्रीखाली जातात, आणि तुमचं वीजबिल, बाटल्यांची उधारी, मदतनिसाची मजुरी मात्र चालूच राहते. म्हणून या धंद्याचा पाया स्थानिक घरांवर घालावा. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा तीच बरणी मागणारी पन्नास घरं आधी जोडायची. पर्यटक हा त्यावरचा नफा. खालची प्रत्येक पायरी हे धरून लिहिली आहे.

उदाहरणादाखल कैरीचं मिस्कूट, म्हणजे गोव्याचं तेलातलं मसालेदार लोणचं, घेतलं आहे. सोलां (वाळवलेली कोकमं), सुका मसाला, फणसाचे पापड यांनाही हीच पद्धत लागू पडते.

एकच वस्तू, एकच माप

सुरुवातीला सहा-सात पदार्थांची यादी करू नका. एक पदार्थ आणि एक माप घ्या, समजा २५० ग्रॅम. कारण सरळ आहे. प्रत्येक नव्या पदार्थाबरोबर वेगळं लेबल, वेगळी टिकाऊपणाची तपासणी आणि वेगळा कच्चा माल येतो, आणि तुमचं भांडवल तितक्या ठिकाणी अडकतं.

निवड करताना टिकाऊपणाकडे आधी बघा, चवीकडे नंतर. चव तुमच्या हाताला आहेच, म्हणून तर धंद्याचा विचार सुरू झाला. मीठ, आंबटपणा आणि तेल असलेलं लोणचं किंवा कडक वाळलेला पदार्थ नवख्याला झेपतो. सुंगटांचं (कोळंबीचं) बलचांव, माशांचा पारा ही मासळीची लोणची कितीही मागणीची असली तरी पहिल्या वर्षी हात लावू नये. मासळीच्या पदार्थात चूक झाली तर नुसती चव बिघडत नाही, माणूस आजारी पडतो.

नावाच्या बाबतीतही जपा. खोल्याची मिरची, हरमल मिरची, गोव्याचं खाजं, बेबिंका, मानकुराद आंबा यांना भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं) मिळालेलं आहे. मसाल्यात बाजारची मिरची घालून पाकिटावर ‘खोल्याची मिरची’ छापणं ही फसवणूक ठरते. खरी मिरची वापरत असाल तरी ते मानांकन लावण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते.

हिशोब: इथेच बहुतेक धंदे बुडतात

खालचे दर फक्त उदाहरणापुरते आहेत, तुमच्या बाजारचे दर घालून हाच तक्ता वहीत मांडा.

कैरी ८ किलो, ६० रुपयांनी ४८०. मीठ २५. मिरची पूड ६०० ग्रॅम, २४०. मोहरी, मेथी, हिंग, हळद मिळून २०५. तेल २ किलो, ३४०. झाले १,२९० रुपये. कोय काढल्यावर आणि मिठाचं पाणी टाकल्यावर साधारण साडेनऊ किलो मिस्कूट हाती येतं, म्हणजे २५० ग्रॅमच्या ३८ बाटल्या. १,२९० भागिले ३८ केले की बाटलीमागे ३४ रुपये पडतात. नवखा माणूस इथेच थांबतो, किंमत १२० ठेवतो आणि ८६ रुपये सुटले असं समजतो.

आता उरलेला खर्च मांडू. गॅस ६०. बाटली, झाकण, लेबल, सील मिळून बाटलीमागे २४, म्हणजे ९१२. दोघांचे पाच-पाच तास, तासाला ७५ धरले तर ७५०. कैऱ्या आणि बाटल्या आणण्याचं भाडं १५०. एकूण ३,१६२ रुपये, बाटलीमागे ८३. त्यात वीज, फोन, चाखायला दिलेला माल, परवान्याचा खर्च यांचे ७ रुपये मिळवा. खरी किंमत ९० रुपये झाली.

ही १२० ची बाटली दुकानात ठेवली आणि दुकानदाराने २५ टक्के घेतले, तर तुमच्या हाती ९० येतात. नफा शून्य. वरून फुटलेली बाटली आणि परत आलेला माल तुमच्याच अंगावर.

तीच बाटली १६० ला ठेवा. दुकानदाराचे ४० गेले, १२० उरले. पोचवण्याचे ५ आणि फुटतूट-परतीचे ६ काढले तर १०९. सुटले १९ रुपये. थेट घरी विकली तर ७०. १६० रुपये तुमच्या भागात चालणार नसतील तर खर्च कमी करण्याची जागा शोधा. ती जागा बहुतेक वेळा बाटलीत असते. शंभर नग घेण्याऐवजी चार-पाच जणींनी मिळून हजार नग घेतले तर दरात फरक पडतो. तेलाचा दर्जा उतरवून पैसे वाचवू नका, दुसऱ्या महिन्यात खवट वास येतो आणि गिऱ्हाईक कायमचं जातं.

स्वतःच्या घरातले हात फुकट धरू नयेत. मागणी वाढली की बाहेरचा माणूस लावावा लागतो, आणि तेव्हा त्याची मजुरी किमतीत बसलेली नसते.

आणखी एक गोष्ट दुकानदाराशी बोलतानाच विचारून घ्या: २५ टक्के छापील किमतीवर की खरेदीवर (तो तुम्हाला देतो त्या दरावर)? छापील १६० वर २५ टक्के म्हणजे तुम्हाला १२०. खरेदीवर २५ टक्के म्हणजे तुम्हाला १२८. एका बाटलीमागे आठ रुपयांचा फरक आहे.

बाटली भरण्यातल्या चुका

कैरीच्या फोडी मिठात दाबून दोन-तीन दिवस ठेवायच्या, सुटलेलं पाणी काढायचं, मग तेलात परतून गार केलेला मसाला कालवायचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. धंद्यात नडतं ते त्यानंतरचं.

कालवल्या दिवशीच बाटल्या भरू नका. मोठ्या बरणीत दहा ते पंधरा दिवस मुरू द्या आणि रोज कोरड्या डावाने खालवर करा. मुरताना फोडी बसतात आणि तेल आत शोषलं जातं. आधीच भरलेल्या बाटलीत आठवड्याने तेलाची पातळी खाली जाते, वरच्या फोडी उघड्या पडतात आणि नेमकी तिथेच पांढरी बुरशी धरते. भरल्यावर फोडींवर किमान अर्धा सेंटीमीटर तेल उभं राहिलं पाहिजे, आणि तेलावर झाकणापर्यंत एक सेंटीमीटर मोकळी जागा. जागा सोडली नाही तर उन्हाच्या गाडीत तेल फुगतं आणि झाकणातून पाझरतं.

काचेच्या बाटल्या दहा मिनिटं उकळा, मग ओव्हनमध्ये १०० ते ११० अंशांवर पंधरा मिनिटं पूर्ण कोरड्या करा. फडक्याने पुसून कोरड्या केलेल्या बाटलीत ओल राहतेच, आणि फडक्याचे धागेही. वजन करताना आधी रिकामी बाटली काट्यावर ठेवून शून्य करा. बाटल्यांच्या वजनात दोन-चार ग्रॅमचा फरक असतो, एकाच आकड्याने सगळ्या भरल्या तर कुणाला कमी माल जातो.

बिघाड ओळखण्यासाठी: पांढरी साय आली तर ओल किंवा उघड्या फोडी. झाकण फुगलं किंवा उघडताना फस्स आवाज आला तर आत आंबवण चालू आहे. गोड लोणच्यात आंबटपणा किंवा मीठ कमी पडलं की हे होतं. असा माल दुरुस्त करत बसू नका, फेकून द्या. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ४.६ च्या खाली असणं ही सुरक्षिततेची मर्यादा मानली जाते. प्रत्यक्षात लोणच्याचा पीएच त्याहून बराच खाली असायला हवा. साधा पीएच मीटर घ्या आणि प्रत्येक खेपेचा आकडा वहीत लिहा.

सोलांचं दुखणं वेगळं. भिरंडांचा (कोकमाच्या फळांचा) हंगाम एप्रिल-मे, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दारात. रसात बुडवून वाळवण्याच्या फेऱ्या पाऊस लागण्यापूर्वी संपल्या पाहिजेत. वरून काळी दिसणारी सोलंही आत ओली असू शकतात. मूठभर सोलां काचेच्या बाटलीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी काचेला आतून दव दिसलं तर अजून ऊन हवं.

प्रत्येक खेपेला क्रमांक द्या आणि त्यातली एक बाटली मुदत संपेपर्यंत घरी ठेवा. तक्रार आली की आधी ती उघडायची. तुमच्याकडची चांगली असेल तर दोष बहुधा दुकानातल्या उन्हाचा, तीही बिघडली असेल तर ती सगळी खेप परत मागवायची.

कागदपत्रं

अन्नपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी पहिल्या दिवसापासून हवी, घरातून विकत असाल तरीही. अर्ज त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर होतो. लहान व्यावसायिकाला परवाना नव्हे, नोंदणी मिळते आणि १४ आकडी क्रमांक येतो. फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा तयार ठेवा. घर वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र आधीच करून घ्या. पंचायत किंवा पालिकेकडे व्यवसाय दाखल्याची चौकशी वेगळी करा.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आधार क्रमांकावर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहा.

वजनकाटा वजनमाप खात्याचा शिक्का असलेलाच घ्या. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करावी लागते. पॅकबंद माल भरणाऱ्याने याच खात्याकडे स्वतःची नोंदणीही करायची असते, आणि नेमकं हेच बहुतेकांना माहीत नसतं.

जीएसटीचं गोव्यात असं: फक्त माल विकणाऱ्याची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल आणि विक्री राज्यातच असेल तर नोंदणी सक्तीची नाही. पण सावंतवाडी किंवा बेळगाव हाकेच्या अंतरावर असलं तरी ते दुसरं राज्य आहे. तिकडच्या दुकानाला लोणचं पाठवायचं तर उलाढाल कितीही कमी असो, आधी नोंदणी लागते. आणि नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावायचा नाही.

कर्जाची गरज पडली तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. राज्यात मुख्यमंत्री रोजगार योजना पणजीच्या ईडीसी या सरकारी वित्त महामंडळामार्फत चालते. पण पहिल्या दोन-तीन खेपा स्वतःच्या पैशांत काढा. बँकेतही तुमची हिशोबाची वही कोऱ्या प्रकल्प अहवालापेक्षा जास्त बोलते.

लेबल

फक्त मराठीतलं लेबल चालत नाही. कायद्याने लागणारा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा. त्याच्या जोडीला मराठी किंवा कोकणी जरूर घाला. घरगुती गिऱ्हाईक ‘मिस्कूट’ हे अक्षर बघूनच हात पुढे करतं.

मजकूर असा: पदार्थाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, बनवणाऱ्याचं नाव व पूर्ण पत्ता, खेप क्रमांक, बनवल्याची तारीख, मुदत, सर्व करांसह कमाल किंमत, प्रति ग्रॅम किंमत (१६० रुपयांच्या २५० ग्रॅमला ६४ पैसे), एफएसएसएआय चिन्ह व क्रमांक, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका. मोहरी, तीळ, शेंगदाणे असतील तर ते घटकांत स्पष्ट लिहा. पोषणमूल्यांचा तक्ता आणि टिकाऊपणाची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून एकदाच करून घ्या. ‘एक वर्ष टिकतं’ हे आजीच्या अनुभवावरून छापू नका, आजीची बरणी रोज उघडत होती ती एकच कोरडी पळी घेऊन.

साधं कागदी लेबल तेलाने दोन दिवसांत डागाळतं. प्लास्टिक लेपाचं घ्या, आणि बाटली बाहेरून कोरडी पुसून झाल्यावरच चिकटवा. पहिल्यांदा पाचशेच छापा, काही ना काही बदलावं लागतंच. तारीख आणि खेप क्रमांक छापू नका, त्यासाठी रिकामी चौकट ठेवून शिक्का मारा.

पहिली पन्नास घरं

यादी लिहून काढा: नातलग सोडून, वाड्यावरच्या, शाळेतल्या, कचेरीतल्या ओळखी. नातलग भिडेने घेतात आणि भिडेनेच गोड बोलतात, त्यावरून काही कळत नाही. प्रत्येकाला ५० ग्रॅमची वानगी द्या आणि चार-पाच दिवसांनी विचारा. ‘आवडलं का’ असं नको. ‘मीठ कसं वाटलं, फोड कडक राहिली का, एका महिन्यात किती लागेल’ असं विचारा. पहिली बाटली कोण घेतं यापेक्षा दुसरी कोण मागतं याची नोंद ठेवा.

व्हॉट्सॲप बिझनेस उघडा, कॅटलॉगमध्ये तीच एक वस्तू नीट फोटोसह टाका. फोटो सकाळी खिडकीशी, फ्लॅश बंद ठेवून काढा. एक झाकण उघडं असलेला, एक लेबल वाचता येईल असा. ब्रॉडकास्टचा निरोप फक्त ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच पोचतो आणि एका यादीत २५६ जण बसतात. म्हणून पहिल्या बाटलीबरोबर चिठ्ठी द्या: ‘हा नंबर ठेवा, नवीन खेप निघाली की कळवतो.’ निरोप महिन्यातून दोनदा पुरे. रोज सुप्रभात पाठवणाऱ्याचा नंबर लोक बंद करतात.

निरोपात वस्तू, वजन, किंमत, तारीख आणि मिळण्याची जागा असली की झालं:

‘नमस्कार वहिनी. कैरीचं मिस्कूट मुरून तयार आहे. २५० ग्रॅम, १६० रुपये. शुक्रवारी म्हापशाला येतो आहे, सकाळी ९ ते १२. किती ठेवू?’

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. ‘हवं असल्यास कळवा’ या वाक्याला कुणी उत्तर देत नाही.

गूगलवर धंद्याची नोंद करताना घरचा पत्ता लपवून फक्त तालुका सेवाक्षेत्र म्हणून दाखवता येतो.

दुकानं आणि बाजार

भुसारी दुकानात शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, दुपारी अडीच-तीनच्या सुमारास गल्ला शांत असतो. एक उघडी बाटली, चमचे आणि छापील दरपत्रक घेऊन जा. पाच-सहा दुकानं पुरेत, प्रत्येकी बारा बाटल्या. तेवढ्यातच ७२ बाटल्यांचे, बाटलीमागे खर्चाचे ९० धरून, ६,४८० रुपये अडकतात. पैसे हाती येईपर्यंत दुसरी खेप काढायची असते, म्हणून तेरा हजारांची तयारी लागते. दुकानं वीस केली की हा आकडा कुठे जातो ते वहीत करून बघा.

ठेवून घेण्यावर (विकला गेल्यावरच पैसे, या बोलीवर) माल दिला तर दोन प्रतींत चलन करा: तारीख, नग, खेप क्रमांक, दर, दुकानदाराची सही. दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या वारी जा. विकलेल्या बाटल्यांचे पैसे तेव्हाच घ्या, जुनी खेप पुढे आणा, नवी मागे ठेवा, बाटली उन्हात असेल तर हलवा. दुसऱ्या फेरीलाही पैसे मिळाले नाहीत तर माल उचला. लाज वाटून तिसरी खेप ठेवली की सगळीच बुडते.

आठवड्याच्या बाजारात बसायचं तर पालिकेचा किंवा पंचायतीचा सोपो (बाजारात बसण्याचा कर) भरावा लागतो, पावती मागून घ्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लोक भाव तुलना करतच येतात, तिथे चाखायला दिल्याशिवाय नवा माल हलत नाही. चमचे लाकडी ठेवा, एकवार वापराच्या प्लास्टिकच्या चमच्यांवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे.

हंगामाची आखणी गोव्याच्या वर्षाप्रमाणे करा. मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी होते. तेव्हा लोक २५० ग्रॅम नव्हे, किलोने सोलां घेतात, म्हणून त्या महिन्यापुरतं मोठं माप काढावं. तुमचाही पुरुमेंत तेव्हाच: वर्षाची मिरची कडक उन्हात वाळवून हवाबंद डब्यात भरायची, कारण जुलैत घेतलेली मिरची ओली आणि महाग असते. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी खतखत्या या मिश्र भाजीसाठी तिरफळं आणि सोलां यांची जोडी जाते, तिची मागणी पंधरा दिवस आधी गोळा करा. जत्रांमधली जागा देवस्थान समिती किंवा पंचायत देते, आणि ती महिनाभर आधी संपते.

पर्यटकांसाठी सुका माल बरा. तेलाचं लोणचं विमानात हातातल्या बॅगेत बहुधा अडवतात, आणि सामानात फुटलं तर कपडे खराब होतात. १०० ग्रॅम सोलांचं किंवा मसाल्याचं जाड, उभं राहणारं पाकीट होमस्टेच्या यजमानांकडे ठेवून बघा.

दुसरा पदार्थ केव्हा आणायचा? सलग तीन महिने निम्म्याहून जास्त बाटल्या जुन्या गिऱ्हाइकांनी नेल्या, दुकानांची थकबाकी एका फेरीपेक्षा जास्त नाही आणि खात्यात एक पूर्ण खेप काढण्याइतके पैसे शिल्लक आहेत, या तिन्ही गोष्टी वहीत दिसल्या की आणा. तो असा निवडा की बाटली आणि झाकण तेच चालेल, म्हणजे फक्त लेबल नवं करावं लागेल.